शेवटचा कोस : कोकणातल्या वाडीपर्यंत इंटरनेट

सन १९९५ च्या पावसाळ्यात भारतात पंधरवड्याच्या अंतराने दोन घटना घडल्या. ३१ जुलै रोजी कलकत्ता व दिल्ली यांच्यामध्ये देशातील पहिले मोबाइल संभाषण झाले. १५ ऑगस्ट रोजी विदेश संचार निगमाने मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या शहरांत सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले. त्यापूर्वी ही सोय काही संशोधन संस्थांपुरती मर्यादित होती.

मुंबईहून रत्नागिरीला एका रात्रीत पोचता येते. इंटरनेटला मात्र रत्नागिरी जिल्ह्यातील अनेक वाड्यांवर पोचायला वीस वर्षांहून अधिक काळ लागला. हा विलंब का झाला? केवळ मागासलेपणाकडे बोट दाखवून भागणार नाही, कारण २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची साक्षरता ८० टक्क्यांहून अधिक होती. उत्तर शोधण्यासाठी जमिनीचा आकार, लहरींचे गुणधर्म आणि खर्चाचा हिशेब या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात.

वाडी आणि सडा

रत्नागिरी जिल्ह्याचे क्षेत्रफळ ८,२०८ चौरस किलोमीटर आहे. २०११ मध्ये लोकसंख्या १६ लाख १५ हजार होती आणि तिच्यापैकी सुमारे ८४ टक्के लोक ग्रामीण भागात राहत होते. देशावर बहुधा एका गावठाणात घरे दाटीने असतात. कोकणात गाव म्हणजे वाड्यांचा समूह. एक वाडी नदीकाठी, दुसरी उतारावर, तिसरी वहाळापलीकडे.

वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी या नद्या सह्याद्रीतून निघून पश्चिमेला समुद्राकडे जातात. त्यांच्या खोऱ्यांमध्ये जांभ्या दगडाचे उघडे सडे पसरलेले आहेत. वस्ती बरीचशी खोऱ्यात आणि उतारावर, आंबा-फणस-काजूच्या गर्द झाडीत. त्यामुळे बाहेरून येणारी प्रत्येक सोय बाजारपेठेच्या गावी लवकर येते आणि वाडीच्या अलीकडे थांबते. मुंबईच्या चाकरमान्याने केलेली तार पोस्टापर्यंत विजेच्या वेगाने येई. पुढचा कोस-दीड कोस ती माणसाच्या पायांनी जाई. इंटरनेटच्या इतिहासातही हाच शेवटचा कोस पुन्हा पुन्हा आडवा येतो.

तांब्याच्या तारेचा काळ

सुरुवातीला इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून येत असे. गावात टेलिफोनच नसेल तर पुढचा प्रश्नच उद्भवत नाही. आयात केलेल्या धाटणीच्या इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजना वातानुकूलित खोली लागे. ग्रामीण भागात ते शक्य नव्हते. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘सी-डॉट’ या संस्थेने धूळ, उष्मा व दमट हवा सोसणारे, वातानुकूलनाशिवाय चालणारे १२८ जोडण्यांचे छोटे एक्स्चेंज तयार केले. पहिले एक्स्चेंज जुलै १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे बसले. पुढे अशी एक्स्चेंजे देशभरच्या खेड्यांत गेली. यंत्र ज्या ठिकाणी चालवायचे तेथील हवामान आधी विचारात घेतले, हे या यशाचे मर्म होते.

पण बोलण्याइतका चांगला फोन इंटरनेटला पुरेसा असतोच असे नाही. १९९५ मधील मोडेमचा नेहमीचा वेग सेकंदाला ९,६०० बिट इतका होता. १०० किलोबाइटचे एक छायाचित्र म्हणजे सुमारे ८ लाख बिट. भागाकार केल्यास ८३ सेकंद येतात. तेही तारेत खरखर नसेल तर. जवळच्या शहरात इंटरनेटचे केंद्र नसेल तर मोठ्या शहराला एसटीडी करावा लागे आणि मिनिटागणिक आकार पडे.

जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगमाने त्याच तारेवरून ब्रॉडबँड सेवा सुरू केली. त्यासाठी बोलण्याच्या कंप्रतेपेक्षा कितीतरी उच्च कंप्रता वापरल्या जातात, आणि तांब्याच्या तारेत उच्च कंप्रतेचा संदेश लवकर क्षीण होतो. एक्स्चेंजपासून चार-पाच किलोमीटरच्या पुढे तो कामाचा राहत नाही. बाजारपेठेत ब्रॉडबँड आले आणि दूरची वाडी पुन्हा वगळली गेली.

घाटापलीकडचा एक प्रयोग

याच काळात सह्याद्रीच्या पलीकडे, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणा परिसरात वेगळा प्रयोग झाला. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे उभारली गेली. खर्चाचा निम्मा वाटा केंद्र सरकारने, ४० टक्के राज्य सरकारने व १० टक्के वारणेच्या संस्थांनी उचलला. उसाची नोंद, तोडणीची परवानगी, खताचा हिशेब ही कामे कारखान्यावर खेप न घालता गावातच होऊ लागली.

पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी तेथील सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलवरील एसएमएसने हीच कामे करून पाहिली. ती व्यवस्थित झाली. शेतकऱ्याला हवी होती ती माहिती. यंत्र महाग की स्वस्त याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. मात्र वारणेत दाट वस्तीची गावे आणि त्यांना बांधून ठेवणारी एक मोठी सहकारी संस्था होती. विखुरलेल्या वाड्या आणि आंब्याच्या खासगी बागा असलेल्या कोकणात हा नमुना जसाच्या तसा उचलणे सोपे नव्हते.

लहरी किती वळतात?

मग मोबाइलचे मनोरे आले. सपाट जमिनीवर ४० मीटर उंच मनोऱ्यावरून रेडिओ-क्षितिज सुमारे २६ किलोमीटरवर असते. कोकणात मध्ये एक डोंगर आला की त्यामागचे खोरे छायेत जाते. लहरी अडथळ्याच्या कडेवरून थोड्या वळतात. यालाच आपण विवर्तन म्हणतो. तरंगलांबी जितकी जास्त तितके हे वळणे अधिक. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ३३ सेंटिमीटर असते, तर २,३०० मेगाहर्ट्झच्या लहरीची केवळ १३. शिवाय ओल्या पानांत आखूड लहरी अधिक शोषल्या जातात. फोनवर बोलता येते पण चित्रफीत उघडत नाही, हा अनुभव पावसाळ्यात का वाढतो याचे एक कारण येथे सापडते.

दुसरे कारण हिशेबाचे आहे. मनोऱ्याचा खर्च पाच हजार ग्राहकांसाठी आणि पन्नास घरांसाठी जवळपास सारखाच. पन्नास घरांसाठी कोणतीही कंपनी आपण होऊन तो उभारणार नाही. म्हणून २००२ पासून दूरसंचार कंपन्यांच्या महसुलाचा ५ टक्के भाग एका सार्वत्रिक सेवा निधीत जमा होऊ लागला. या निधीतून २०११ मध्ये सर्व ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूने जोडण्याची योजना मंजूर झाली. तीच आजची ‘भारतनेट’. परंतु तंतू संपतो ग्रामपंचायतीच्या कार्यालयाशी. वाडी तेथून आणखी एक कोस दूर.

या कोसाचा अभ्यास कोकणाच्या उत्तर टोकाला झाला. मुंबईच्या आयआयटीतील अभय करंदीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी आताच्या पालघर जिल्ह्यातील खामलोली परिसरात दूरदर्शन प्रक्षेपणाचा मोकळा पट्टा वापरून पाहिला. भारतात जमिनीवरून प्रक्षेपण करणारी संस्था एकच असल्याने ४७० मेगाहर्ट्झपासूनचा हा पट्टा देशाच्या बहुतेक भागांत रिकामा पडून होता. तेथील लहरी सुमारे ६० सेंटिमीटर लांबीच्या. झाडीतून जायला त्या अधिक सोयीच्या. पुढे ‘ग्राममार्ग’ या नावाने हे काम सुमारे २५ गावांपर्यंत वाढले. त्यात देखभालीसाठी ग्रामपंचायत व गावातील तरुणांना भागीदार करण्यात आले. २०१७ मध्ये मोझिला संस्थेच्या स्पर्धेत त्याला प्रथम पुरस्कार मिळाला.

२०२० ची परीक्षा

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि शेवटच्या कोसाची किंमत प्रथमच वर्गात मोजली गेली. वाडीवर रेंज नाही म्हणून मुले सड्यावर, डोंगरमाथ्यावर जाऊन बसू लागली. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. मंडणगड-दापोली भागात विजेचे खांब कोसळले, वीज गेली आणि तिच्यावर चालणारे मनोरेही मुके झाले. इंटरनेट विजेच्या खांबाइतकेच भक्कम असते, हे त्या दिवसांत कळले.

जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशातील ४-जी नसलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. येथे मोजणीचे एकक ध्यानात घ्यावे. योजना ‘गाव’ मोजते. नदीकाठच्या वाडीवर संदेश मिळत असेल तर कागदावर सारे गाव जोडलेले ठरू शकते, आणि वहाळापलीकडची वाडी कोणत्याच यादीत येत नाही.

शिक्षकांना येथे एक उपक्रम सुचवावासा वाटतो. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी गावाचा नकाशा काढावा. प्रत्येक वाडीवर सकाळी, सायंकाळी, कोरड्या दिवशी व पावसात फोनवर मिळणारा संदेश डेसिबलमध्ये नोंदवावा. बहुतेक फोनच्या सेटिंगमध्ये हा आकडा ऋण चिन्हासह दिसतो : उणे ८० चांगला, उणे ११० अगदी क्षीण. मग मनोऱ्याची जागा व डोंगराची धार नकाशावर दाखवून छाया कोठे पडते ते पाहावे. विवर्तन, लॉगरिदम व नकाशावाचन यांचा अभ्यास त्यातून होतोच. हा नकाशा ग्रामसभेपुढे ठेवला, तर यादीत नसलेली वाडी निदान एका कागदावर तरी नोंदली जाईल.