शोमरोनी प्रयोग

अनुकंपा आणि मदतीचे वर्तन यांसंबंधीचा सामाजिक मानसशास्त्रातील एक गाजलेला प्रयोग. प्रिन्स्टन विद्यापीठातील जॉन डार्ली आणि त्यांचे विद्यार्थी डॅनिएल बॅटसन यांनी तो केला. अहवाल १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. बॅटसन यांनी मानसशास्त्राबरोबर ईश्वरविद्येचेही अध्ययन केले होते आणि प्रयोगाची कल्पना बायबलमधलीच आहे. लूकच्या शुभवर्तमानातील दृष्टान्तात लुटारूंनी अर्धमेले करून टाकलेल्या वाटसरूला याजक आणि लेवी टाळून पुढे जातात. यहुद्यांनी परका मानलेला शोमरोनी मात्र थांबतो.

प्रयोगात धर्मोपदेशकाचे शिक्षण घेणारे ४० विद्यार्थी होते. त्यांच्या श्रद्धेचे स्वरूप प्रश्नावलीने आधीच तपासलेले होते. प्रत्येकाला छोटे भाषण करण्यासाठी शेजारच्या इमारतीत जायचे होते. काहींचा विषय हाच दृष्टान्त, बाकीच्यांचा नोकरीच्या संधी. निघताना काहींना उशीर झाल्याचे सांगितले, काहींना लगेच निघायला सांगितले, तर काहींना अजून अवकाश असल्याचे. वाटेतल्या बोळात एका दारापाशी एक माणूस मान टाकून, डोळे मिटून बसलेला असे. कोणी जवळून जाऊ लागले की तो दोनदा खोके आणि कण्हे.

घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्के, मध्यम घाईतले ४५ टक्के आणि उशीर झालेल्यांपैकी अवघे १० टक्के विद्यार्थी मदतीला आले. श्रद्धेच्या प्रकारावरून कोण थांबेल हे सांगता आले नाही. दृष्टान्तावर बोलायला निघालेले काही जण तर त्या माणसाला ओलांडून गेले. तरीही त्यांना निष्ठुर ठरवणे अन्यायाचे होईल. पोहोचल्यावर त्यांच्यातले काही अस्वस्थ दिसले. पुढे कोणीतरी आपल्यासाठी खोळंबले आहे, हेही त्यांच्या मनावर ओझे होते. भाषणाच्या विषयाचा परिणाम झाला नाही, या निष्कर्षावर अँथनी ग्रीनवाल्ड यांनी १९७५ मध्ये आक्षेप घेतला. तो रास्त आहे: दृष्टान्ताच्या गटात मदत ५३ टक्के, नोकरीच्या गटात २९ टक्के होती, आणि इतक्या लहान नमुन्यावर परिणाम नाही असे ठामपणे म्हणता येत नाही.

पुढे कॅन्सस विद्यापीठात बॅटसन यांनी उलट बाजूचा प्रश्न घेतला: मदत करणारा दुसऱ्याचे दुःख हलके करतो, की ते पाहून होणारी स्वतःची तगमग? १९८१ च्या प्रयोगात विजेचे झटके सोसणाऱ्या तरुणीची जागा घेण्याची मुभा होती. निघून जाणे सोपे असूनही, ती आपल्यासारखीच आहे असे वाटलेल्यांपैकी ९१ टक्के तयार झाले. वेगळी वाटलेल्यांपैकी १८ टक्के. समानुभूती वाटली की माणूस दुसऱ्याच्या भल्यासाठीच मदत करतो, या बॅटसन यांच्या समानुभूती-परार्थ गृहीतकाला रॉबर्ट चाल्डिनी यांनी विरोध केला. समानुभूतीने येणारी खिन्नता घालवण्यासाठीच माणूस मदत करतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.