राष्ट्रांचे करार आणि परतीची वाट

चोर गावची शीव ओलांडून गेला की पाटलाचा हात तोकडा पडतो, हा जुन्या काळापासूनचा अनुभव आहे. या अनुभवाचा पुरेपूर फायदा ज्यांनी उठविला, त्यांत स्त्रियांची खरेदी-विक्री करणारे दलाल अग्रभागी येतात. मुलीला एका मुलखातून उचलावे आणि दुसऱ्या मुलखात विकावे, म्हणजे विचारणारे कोणी उरत नाही.

आपल्या भागाला ही शीव फार दूर नव्हती. १९०० साली निजामाच्या राज्यातून मनमाडपर्यंत रेल्वे आली. औरंगाबादला गाडीत बसलेली मुलगी मनमाडला उतरली, की निजामाचा अंमल मागे राही आणि इंग्रजांचा सुरू होई. पुढे मुंबईपर्यंत तिला ओळखणारे कोण असणार?

१८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्यावर युरोपातून बोटींची ये-जा वाढली, आणि कामाठीपुऱ्यात युरोपीय स्त्रियाही दिसू लागल्या. तेथील एका गल्लीला लोक ‘सफेद गल्ली’ म्हणत. युरोपातील समाजसेवकांनी या व्यापाराविरुद्ध मोठी चळवळ केली. तीतूनच १९०४ व १९१० साली पॅरिस येथे राष्ट्राराष्ट्रांमध्ये करार झाले. परंतु त्या करारांचे नावच ‘गोऱ्या गुलामांचा व्यापार’ असे होते. काळ्यासावळ्या मुलीची आठवण त्या नावात नव्हती.

१९१७ साली मुंबईत डंकन रोडवरील एका कुंटणखान्यात अकूताई नावाची स्त्री मारहाणीने मरण पावली. तिने पळून जाण्याचा प्रयत्न केला होता, एवढाच तिचा अपराध! खटला चालला, तेव्हा कुंटणखान्याच्या बंद दारामागे काय चालते ते शहराला कळले. पुढे १९२३ साली मुंबई सरकारने दलालांना शिक्षा देणारा कायदा केला. निजामाच्या राज्यात, म्हणजे आपल्याकडे, तो अर्थातच लागू नव्हता.

दरम्यान राष्ट्रसंघाने १९२१ साली जिनिव्हा येथे नवा करार केला. त्यातून ‘गोऱ्या’ हा शब्द गेला आणि ‘स्त्रिया व मुले’ असे शब्द आले. बदल शब्दांचा, पण केवढा मोठा! मात्र कराराने वयाची मर्यादा एकवीस वर्षे धरली असता, हिंदुस्थानच्या इंग्रज सरकारने ती सोळा ठेवण्याची सवलत स्वतःकडे राखून घेतली. पुढे राष्ट्रसंघाचे चौकशी मंडळ आशिया खंडात फिरले. आशियातील या व्यापाराला खरे बळ देणारी गोष्ट म्हणजे कुंटणखाना, असा त्याचा निष्कर्ष १९३२ च्या अहवालात आहे.

संयुक्त राष्ट्रसंघाने २ डिसेंबर १९४९ रोजी संमत केलेला करार याहून पुष्कळ पुढे गेला. भारताने त्यावर ९ मे १९५० रोजी सही केली. मुलीची संमती असली तरी तिला या धंद्यात नेणारा गुन्हेगारच. तो परदेशी पळाला तर त्याला परत सोपविता यावे. एका देशाच्या न्यायालयाने मागितलेली मदत दुसऱ्याने करावी. बंदरे आणि रेल्वे स्टेशने यांवर लक्ष असावे. आणि परदेशातून आणलेल्या स्त्रीला घरी पोचविताना, तिच्याजवळ पैसे नसतील आणि तिचे कोणी नसेल, तर सरहद्दीपर्यंतचा खर्च ती जेथे सापडली त्या देशाने सोसावा व पुढचा तिच्या मायदेशाने. वाटखर्चाचा विचार करणारा करार खरोखरच माणुसकीचा म्हटला पाहिजे.

या कराराला अनुसरून भारताने १९५६ साली कायदा केला, व तो १ मे १९५८ पासून अमलात आला. तोवर मराठवाडा मुंबई राज्यात आला होता. आता मनमाडच्या दोन्ही बाजूंना कायदा एकच झाला. मात्र त्यात एक उणीव राहिली. रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावल्याबद्दल जी शिक्षा आहे, ती १९८६ च्या दुरुस्तीनंतरही स्त्रीला सहा महिन्यांपर्यंत आणि पुरुषाला तीन महिन्यांपर्यंत. जिला फसवून आणले तीच अधिक दोषी, हा कोणता न्याय?

२००० साली राष्ट्रांनी मानवी व्यापाराविरुद्ध नवा करार केला. त्यात पीडितेला निवारा, औषधोपचार व नुकसानभरपाई मिळावी, यावर भर आहे. भारताने त्याला २०११ मध्ये मान्यता दिली आणि २०१३ मध्ये दंडविधानात मानवी व्यापाराची स्पष्ट व्याख्या घातली. २०१५ साली बांगलादेशाशीही या कामी समझोता झाला.

परंतु करार मुलीला सरहद्दीपर्यंत पोचवितात. उंबरठ्याच्या आत घेणे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हाती असते. सोडविलेल्या मुलीचे घर तिला सांभाळण्यास योग्य आहे की नाही, याची चौकशी मॅजिस्ट्रेटने करावी, असे १९५६ चा कायदा सांगतो. त्या कामी त्यांना पाच प्रतिष्ठित व्यक्तींचे साहाय्य घेता येते. त्यांपैकी तिघी शक्यतोवर स्त्रिया असाव्यात, असेही त्यात म्हटले आहे. म्हणजे जिनिव्हा आणि न्यूयॉर्कला सुरू झालेले हे काम अखेर तुमच्या-आमच्यासारख्या स्त्रियांपाशी येऊन थांबते. त्या तीन जागा आपल्या आहेत. बोलावणे येईल तेव्हा ‘कशाला नसती भानगड’ असे न म्हणता भगिनींनी त्या जागी जाऊन बसावे. आणि परत आलेल्या मुलीला ‘कोठे होतीस’ असे विचारण्यापूर्वी ‘जेवलीस का’ असे विचारावे.