एल्डीचा कडा

आइसलँडच्या नैर्ऋत्येस भर समुद्रात एल्डी नावाचा कडा उभा आहे. ‘ग्रेट ऑक’ पक्ष्याचे हे अखेरचे माहेर. अडीच फूट उंचीचा हा पक्षी पोहण्यात पटाईत. उडता मात्र मुळीच येत नसे. म्हणून तो ओसाड बेटांवरच अंडे घाली. तेथे श्वापदांचे भय नव्हते; होडीतून माणूस येईल, हे त्या बापड्याला काय ठाऊक! १५३४ साली न्यूफाउंडलंडजवळच्या बेटावर कार्तिएच्या खलाशांनी अर्ध्या तासात दोन होड्या या पक्ष्यांनी भरल्या.

१८३० मध्ये ज्वालामुखीच्या उत्पातात आइसलँडजवळचे त्यांचे खडकबेट बुडाले. उरलेसुरले पक्षी एल्डीवर आले. पक्षी दुर्मिळ झाला, तसा संग्राहकांकडून त्याला भाव चढला. अजब व्यवहार! जून १८४४ मध्ये तिघे जण कड्यावर उतरले. एक जोडी होती, तिचा गळा आवळला. अंडे होते, तेही फुटके.

१८५८ साली आल्फ्रेड न्यूटन आणि जॉन वुली हे इंग्रज पक्षिशास्त्रज्ञ तेथे गेले. खवळलेल्या समुद्राने त्यांना एल्डीवर पाऊल ठेवू दिले नाही. किनाऱ्यावर बसून त्यांनी त्या मोहिमेतल्या माणसांकडून हकिगत टिपून घेतली. पुढे न्यूटनने विणीच्या हंगामात समुद्रपक्ष्यांना अभय मिळावे म्हणून आवाज उठवला. ब्रिटनमध्ये १८६९ साली तसा कायदा झाला.

आज एल्डीवर गॅनेट पक्ष्यांच्या हजारो जोड्या घरटी करतात. परवान्यावाचून तेथे कोणाला उतरता येत नाही.