शिष्यवृत्ती कुणाची, अट कुणाची?

परदेशी शिष्यवृत्ती म्हटलं की आपल्या पोरांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं. सुटाबुटातले बाबासाहेब, हातात पुस्तक, मागे कोलंबिया विद्यापीठ. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत आणि अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत, आपल्या वस्त्यांतल्या भिंती-भिंतींवर हे चित्र आहे. पण चित्रामागचा व्यवहार कुणी सांगत नाही. पैसे कुणी दिले? किती दिले? कोणत्या कागदावर सही घेतली? सही केल्यावर हा माणूस तिकडे नेमकं काय शिकला? फॉर्म भरण्याआधी हा इतिहास वाचला पाहिजे. कारण शिष्यवृत्ती म्हणजे नुसता पैसा नव्हे. पैसा देणारा अट घालतो. आणि कुणी काय शिकायचं हे ठरवण्याचा अधिकार या देशात हजारो वर्षं कुणाच्या मुठीत होता, ते तुम्हा-आम्हाला नव्याने सांगायला नको.

भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले. पुढे शिकायला घरात पैसा नव्हता. केळुसकर गुरुजींनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या कानावर ही गोष्ट घातली आणि महिना २५ रुपये सुरू झाले. त्यावर एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी. ए. झाले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी सुभेदार वारले. घराचा आधार गेला. त्याच वर्षी ४ जूनला भीमरावांनी बडोदा संस्थानच्या करारावर सही केली. संस्थानने तीन वर्षं महिना साडेअकरा पौंड द्यायचे. भीमरावांनी शिक्षण संपल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची. जुलैत ते न्यूयॉर्कला पोचले.

करार कडक होता. दहा वर्षं म्हणजे उमेदीची सगळी वर्षं. पण माझं म्हणणं असं की तो करार नोकरीचा होता, डोक्याचा नव्हता. कोलंबियात त्यांनी घेतलेले विषय मोजा. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, मानववंशशास्त्राचे ४, शिवाय तत्त्वज्ञान आणि राज्यशास्त्र. १९१५ साली एम. ए. झाले तो प्रबंध प्राचीन भारतातल्या व्यापारावर. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात निबंध वाचला तो भारतातल्या जातींवर. तेव्हा वय अवघं पंचवीस! पुढे लंडनला रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचं त्यांचं पुस्तक १९२५ साली निघालं, ते शिक्षणातल्या मदतीची आठवण ठेवून सयाजीरावांनाच अर्पण केलेलं आहे. परदेशात जाऊन या माणसाने अभ्यास कशाचा केला? भारताचा. इथल्या जातीचा, इथल्या पैशाचा, इथल्या कारभाराचा. ही गोष्ट गाठीला बांधून ठेवा, पुढे लागणार आहे.

या शिक्षणाचं बिल सयाजीरावांनी एकट्याने भरलं असं समजू नका. साडेअकरा पौंडातून पोट मारून बाबासाहेब जुनी पुस्तकं घेत होते आणि घरी पैसे धाडत होते. इकडे मुंबईत रमाई त्या तुटपुंज्या पैशांत संसार ओढत होती. तिच्या पोटची चार लेकरं एकामागून एक गेली. आमच्या घाटकोपरच्या नगराला तिचं नाव आहे. पाटी वाचताना पोरांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं, की शिष्यवृत्तीत जे कधी धरलं जात नाही ते त्या माउलीने भरलं.

१९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली. लंडनचं शिक्षण अर्धं टाकून ऑगस्टमध्ये बाबासाहेब मुंबईत उतरले. ज्या बोटीत सामान होतं ती महायुद्धात पाणतीराने बुडाली. करार पाळायला ते बडोद्याला गेले. पुढचं सगळ्यांना पाठ आहे. शिपायांनी फायली लांबून फेकल्या, प्यायला पाणी मिळेना, राहायला जागा मिळेना. पारशी खानावळीतून काठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढलं. कोलंबियाचा एम. ए. कामाठीबागेत झाडाखाली बसून रडला. महाराजांनी पैसा दिला होता, पण संस्थानातली जात त्यांच्या हुकमाने हटत नव्हती. शिष्यवृत्ती माणसाला समुद्रापार नेते. परत आल्यावर उंबरठ्याच्या आत नेईलच असं नाही.

म्हणून दुसऱ्या वेळी त्यांनी करार केला नाही. १९१८ च्या नोव्हेंबरपासून सिडनहॅम कॉलेजात महिना ४५० रुपयांवर शिकवलं, पैसा पैसा जोडला. शाहू महाराजांनी मदत केली. नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये उसने दिले. बडोद्यात काठ्या घेऊन आलेले पारशी आणि मुंबईत पैसे देणारा मित्रही पारशी, हेही लक्षात ठेवा. जुलै १९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली बॅरिस्टर होऊन परतले. प्रबंध परीक्षकांना झोंबला होता, तो सुधारून पाठवल्यावर त्याच वर्षी डी. एस्सी.ही मिळाली.

आता खरा मुद्दा. स्वतः शिकून मोठा झालेला माणूस बहुधा मागची शिडी ओढून घेतो. बाबासाहेबांनी शिडी सरकारच्या दारात नेऊन उभी केली. १९४२ साली ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले आणि ऑक्टोबरात त्यांनी लॉर्ड लिनलिथगोकडे अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन दिलं. हिशेब रोखठोक होता. बनारस हिंदू विद्यापीठाला सरकार वर्षाला तीन लाख देतं, अलिगढच्या मुस्लिम विद्यापीठाला तीन लाख देतं. मग आमच्या वाट्याला काय? दोन लाख देशातल्या विज्ञान-तंत्रशिक्षणाला आणि एक लाख परदेशी शिक्षणाला द्या, ही मागणी होती. सरकारला तीन लाख मान्य करावे लागले. १९४४ पासून मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली आणि आपली काही मुलं सरकारी पैशाने विलायतेला गेली. स्वतंत्र भारत सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालत आली आहे. म्हणजे ही कुणाची मेहरबानी नाही. राजाच्या मर्जीवर चालणारी गोष्ट बाबासाहेबांनी हक्काच्या रांगेत आणली.

आणि मग फेब्रुवारी २०२२ उजाडला. त्या वर्षीच्या नियमावलीत एकूण १२५ जागा होत्या. ११५ अनुसूचित जातींच्या, ६ भटक्या-विमुक्तांच्या, ४ भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांच्या. वय पस्तिशीच्या आत, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत, विद्यापीठ जगातल्या पहिल्या ५०० मधलं. इथवर ठीक. पण एक नवी अट घुसडली होती. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास या विषयांना ही शिष्यवृत्ती मिळणार नाही! कारण काय, तर म्हणे या विषयांची साधनं आणि जाणकार देशातच आहेत, त्यासाठी परदेशात जायची गरज नाही.

आता गाठ सोडा. प्राचीन भारतातला व्यापार बाद. भारतातल्या जाती बाद. १९१३ साली ही अट असती तर पंचवीस वर्षांच्या भीमरावांचा निबंध छाननीतच उडाला असता. एका संस्थानिकाच्या करारात जे झालं नाही ते बाबासाहेबांच्या संविधानावर चालणाऱ्या सरकारच्या नियमावलीत झालं. विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी तेव्हा निषेध केला. पण नुसता निषेध करून भागत नाही, उत्तर द्यावं लागतं.

पहिलं उत्तर. साधनं देशातच आहेत हे खोटं आहे. ईस्ट इंडिया कंपनीचे आणि ब्रिटिश सरकारच्या भारत कचेरीचे कागद आजही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. फडताळं एकापुढे एक लावली तर चौदा किलोमीटर भरतील एवढे कागद. लष्करी खात्याचं दप्तरही त्यातच आहे. महारांची सैन्यातली भरती बंद झाली आणि त्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज लिहिला. त्या काळच्या सरकारच्या मनात काय होतं हे शोधायचं तर लंडन गाठावं लागेल. आमच्या आज्याचा इतिहास साहेबाच्या कपाटात, आणि आम्हाला सांगतात जायची गरज नाही.

दुसरं उत्तर. ही अट सगळ्यांना नव्हती. घरच्या पैशावर ऑक्सफर्डला जाणाऱ्या सवर्णाच्या मुलाला भारताच्या इतिहासावर पीएच. डी. करायला कुणी अडवत नाही. मनाई त्यालाच, ज्याच्यापाशी या शिष्यवृत्तीशिवाय दुसरी वाट नाही. म्हणजे त्यांनी आमच्यावर लिहायचं आणि आम्ही आमच्यावर लिहायचं नाही. वेद ऐकला तर कानात शिसं, हा जुना कायदा. नव्या कायद्यात शिसं नाही, रकाना आहे.

यावर काही जण बाबासाहेबांचाच दाखला तोंडावर फेकतील. १९४२ च्या निवेदनात त्यांनी कला आणि कायद्यापेक्षा विज्ञान-तंत्रशिक्षणावर भर दिला होता की नाही? दिला होता. लपवायचं कारण नाही. आपल्यात इंजिनीअर, शास्त्रज्ञ व्हावेत ही त्यांची तळमळ होती आणि आजही ती खरी आहे. पण ते बंद दार उघडायला सांगत होते. एक दार उघडा म्हणणं वेगळं आणि दुसरं दार बंद करणं वेगळं. समाजाने आपली गरज ओळखून विषय निवडणं ही एक गोष्ट. सरकारने विषय छाटणं ही दुसरी. या दोन गोष्टींत गल्लत करणाऱ्याला ओळखून असा.

रविवारी आमच्या विहारात मी पोरापोरींचे फॉर्म बघतो. भांडुपहून, विक्रोळीहून, मुलुंडहून येतात. दहा बाय बाराच्या खोलीत, मोबाईलच्या उजेडात अभ्यास केलेली पोरं. उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी, परदेशी विद्यापीठाचं पत्र, हे सगळं जुळवता जुळवता तारीख निघून जाते. एका मुलीला एका कचेरीत विचारलं गेलं, तुम्हाला कशाला हवं परदेश? तिने उत्तर दिलं नाही, पावती मागून घेतली. बरोबर केलं. तोंडी बोलणं हवेत जातं, पावती राहते.

तेव्हा मित्रांनो, कामाचं चार ओळीत सांगतो. दिल्लीच्या योजनेबरोबर महाराष्ट्र शासनाची २००३ साली सुरू झालेली राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही आहे, दोन्हींकडे बघा. नियमावली दर वर्षी बदलते. दुसऱ्याने सांगितलेली नव्हे, त्या वर्षाची मूळ नियमावली स्वतः वाचा, विषयाची अट आधी वाचा. दाखले प्रवेशाच्या आधी काढून ठेवा. आणि निवड झाली म्हणजे पैसा हातात आला असं धरू नका. जुलै २०२५ मध्ये १०६ जणांची निवड झाली, पण पत्रं पहिल्यांदा ४० जणांनाच मिळाली. उरलेल्या ६६ जणांना निधी उपलब्ध झाला तर, असं सांगितलं गेलं. बोंब झाली तेव्हा वर्तमानपत्रांत आलं. बोंब मारायला संघटना लागते. एकटा अर्जदार म्हणजे नुसता एक क्रमांक असतो.

एकेक वस्तीने दोन-तीन पोरं धरावीत. त्यांच्या तिकिटाचा, व्हिसाचा, घरी राहिलेल्या आईबापाचा विचार आधी करावा, म्हणजे पुन्हा एखाद्या रमाईला एकटीने सोसावं लागणार नाही. पोरांनी मशीन शिकावं, औषध शिकावं, आणि ज्याला जातीवर लिहायचं आहे त्याने जातीवरच लिहावं. अट आडवी आली तर अटीशी भांडावं, विषय सोडू नये. विषय आपला आहे. तो बाबासाहेबांनी १९१६ सालीच जगापुढे मांडून ठेवला आहे.

जय भीम.