मोरजीची राखण: एका काठीची कुळकथा

वाळूत काठी खुपसत जायचं. बसलेल्या वाळूत ती वीतभर जाऊन अडते. दोन पावलं पुढे तीच काठी एकदम सैल पडून आत जाते, कारण तिथली वाळू नुकतीच उकरून पुन्हा भरलेली असते. हात तिथेच आवरायचा, काठी बाजूला ठेवायची आणि बोटांनी वाळू काढायला लागायचं. दीड फुटाच्या आतबाहेर अंडी लागतात: पांढरी, गोल, पिंगपाँगच्या चेंडूएवढी, दाबली तर दबणाऱ्या मऊ कवचाची. एका खड्ड्यात शंभर, सव्वाशेसुद्धा.

समुद्री कासवाचं घरटं शोधायची ही रीत. पेडणे तालुक्यात मोरजीच्या तेंबवाड्यावर, शापोरा नदी समुद्राला मिळते तिथे, हिवाळ्यातल्या रात्री किनाऱ्यावर राखण असते. त्या राखणीचं हत्यार ही काठी. ती कुठल्या संशोधन संस्थेतून आलेली नाही, वनखात्यानेही शोधलेली नाही. अंडी काढून खाणाऱ्या आणि बाजारात नेणाऱ्या माणसांची ती काठी. त्यांच्या हातात तिचा वापर आडदांड होता, टोकाला बलक लागला की घरटं सापडलं. राखणदाराच्या हातात ती हलकी झाली, एवढाच फरक. किनाऱ्यावरच्या निसर्गरक्षणाचा इतिहास लिहिताना कायदे आणि संस्था यांनाच पहिलं पान मिळतं. ते पान या काठीला मिळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

समुद्र रात्री काय करतो हे जगभर आधी कळलं ते खाणाऱ्यांना. सामोआच्या प्रवाळखडकांतून वर्षातल्या ठरावीक रात्री, ऑक्टोबर-नोव्हेंबरात कृष्ण पक्षातला चंद्र अर्धा उरला असताना, पालोलो नावाच्या किड्यांचे प्रजननाने भरलेले शेपटाकडचे भाग हजारोंनी वर येतात. बेटावरची माणसं जाळी आणि टोपल्या घेऊन तयार असतात, कारण ती त्यांची मेजवानी. इंडोनेशियातल्या अंबोन बेटावर अशाच किड्यांना वावो म्हणतात. तिथे राहिलेल्या रुम्फियसने त्यांचं वर्णन लिहून ठेवलं आणि ते १७०५ साली छापलं गेलं. शास्त्राच्या वहीत नोंद झाली तेव्हा अंबोनकरांना ती तिथी पिढ्यान्‌पिढ्या पाठ होती.

प्रवाळ स्वतः मात्र कुणाच्या ताटात नव्हतं आणि म्हणूनच की काय, त्याची वीण कळायला विसावं शतक सरत आलं. १९२८-२९ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांची मोहीम ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर वर्षभर राहिली. त्यानंतर दीर्घकाळ पुस्तकांत असं होतं की बहुतेक प्रवाळं पिलं पोटात वाढवूनच बाहेर सोडतात. १९८१-८२ मध्ये टाउन्सव्हिलसमोरच्या मॅग्नेटिक बेटाच्या परिसरात जेम्स कुक विद्यापीठातली काही तरुण मंडळी रात्री-अपरात्री टॉर्च घेऊन पाण्यात उतरली आणि चित्र पालटलं. तिकडच्या वसंतातली पौर्णिमा उलटून चार-सहा रात्री गेल्या की काळोख पडल्यावर अनेक जातींची प्रवाळं एकदमच आपली बीजं पाण्यात सोडतात. अंडी आणि शुक्राणू एका गुलाबीसर गोळीत बांधलेले असतात. गोळी प्रवाळाच्या तोंडाशी थोडा वेळ अडकून राहते, मग सुटते आणि सरळ वर जाते. पृष्ठभागावर या गोळ्या फुटतात आणि फलन तिथे होतं. १९८४ साली ‘सायन्स’मध्ये त्यांचा निबंध आला. आज जगभरचे पाणबुडे पंचांग पाहून या रात्रींसाठी जागा राखून ठेवतात. त्या हौसेचं मूळ हे.

गोव्यालाही प्रवाळ आहे. मुरगावच्या समोर ग्रांदे बेटाच्या खडकांना ते धरून आहे, आणि पाऊस ओसरल्यावर तिथे स्कूबाच्या होड्या जातात. पण मांडवी-झुवारीच्या गाळाने पाणी गढूळ, ऑस्ट्रेलियासारखं आरपार नव्हे. पेडण्या-डिचोलीच्या माणसाला समुद्राची वीण डोळ्यांनी पाहायची तर पाण्यात उतरायची गरजच नाही. ती वाळूवर चालून येते.

जी येते ती ऑलिव्ह रिडले जातीची मादी. दोन-सव्वादोन फूट पाठ, पस्तीस-चाळीस किलो वजन. भरतीच्या रेषेवर ती थांबते, जणू वास घेते, आणि काही हललं किंवा चकाकलं तर तशीच मागे फिरते. सगळं सामसूम असेल तर मर्यादवेलीच्या जवळपास, पाणी पोचणार नाही अशा कोरड्या वाळूत येऊन मागच्या वल्ह्यांनी खड्डा खणते. हे काम पाहण्यासारखं आहे. एक वल्हं वाळू ओंजळीत घ्यावी तशी उचलतं आणि बाजूला अलगद ठेवतं, मग दुसऱ्याची पाळी. तिला मागे वळून पाहता येत नाही, तरी खड्डा सुरईसारखा होतो, वर अरुंद आणि तळाला रुंद. अंडी घालून झाली की ती वाळू ओढते आणि मग अंग डावीकडे-उजवीकडे आपटून ती चोपते. धप धप असा आवाज शांत रात्री दूरवर जातो. अंडी काढणाऱ्यांना तो आवाज ओळखीचा होता, वाळूवरचा माग तर होताच: मधे पोट घासल्याची पट्टी आणि दोन्ही बाजूंना आळीपाळीने उमटलेले वल्ह्यांचे ओरखडे. समुद्रातून वर आलेला माग आणि परत गेलेला माग जिथे एकमेकांना भेटतात, तिथे काठी.

गोव्यात आणि कोकणात देवळात देवासमोर दगडी कासव असतं. त्याला हात लावून, नमस्कार करून माणूस पुढे जातो. तरीही समुद्राच्या कासवाची अंडी काढण्यात गावाला काही वावगं वाटत नसे. हिवाळ्यातली ती हक्काची मिळकत होती. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९७७ साली ऑलिव्ह रिडले पहिल्या अनुसूचीत गेलं, तेव्हा कागदावर हा गुन्हा झाला. किनाऱ्यावर त्याने फारसं काही हललं नाही.

हलवलं ते रात्री चालणाऱ्यांनी. १९७०च्या दशकात मद्रासच्या सर्पोद्यानाशी जोडलेले तरुण रात्रीच्या रात्री किनाऱ्याने चालून घरटी शोधू लागले, सापडलेली अंडी सुरक्षित कुंपणात नेऊन पुरू लागले. त्यांच्यातले सतीश भास्कर. १९७७नंतर या माणसाने भारताचे किनारे आणि बेटं अक्षरशः पायाखाली घातली. १९८२चा पावसाळा त्यांनी लक्षद्वीपच्या निर्मनुष्य सुहेली बेटावर एकट्याने काढला. तिथून पत्नीला लिहून, बाटलीत घालून समुद्रात सोडलेलं पत्र श्रीलंकेच्या किनाऱ्यावर एका कोळ्याला सापडलं आणि त्याने ते पाठवूनही दिलं. पुढे भास्कर गोव्यातच स्थायिक झाले आणि २०२३ साली गोव्यातच वारले. आपल्याकडे त्यांचं नाव फार थोड्यांना माहीत आहे, याचं वाईट वाटतं.

मोरजीत १९९०च्या दशकाच्या मध्यानंतर ही रीत रुजली. स्थानिकांना समजावणं, अंड्यांऐवजी राखणीचा मोबदला, मग वनखात्याचा तळ. गावातलीच माणसं राखणीला बसली. माग वाचणं आणि काठी चालवणं त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. पेडण्याच्या गावांत वेशीचा राखणदार रात्री काठी टेकत हद्दीवरून फिरतो अशी श्रद्धा आहे. अशा मुलखात काळोखात कुणाच्या तरी जिवाची राखण करणं लोकांना परकं वाटलं नसावं, असा माझा तर्क. घरटं सुरक्षित असेल तर जागेवरच जाळीचं कुंपण घालतात, भरतीचा किंवा कुत्र्यांचा धोका असेल तर अंडी हलवतात. हलवताना जुन्या खड्ड्याची खोली आणि आकार तसाच ठेवावा लागतो, कारण पिलू नर होणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. थंड वाळूत नर, ऊन वाळूत मादी.

रत्नागिरी जिल्ह्यात हीच गोष्ट थोडी उशिरा घडली. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रची मंडळी भाऊ काटदरे यांच्यासह समुद्रगरुडांची पाहणी करत होती. वेळासच्या वाळूवर त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. २००६पासून तिथे कासव महोत्सव सुरू झाला. घराघरांत पाहुणे उतरू लागले, आणि अंड्यांपेक्षा पिलं गावाला जास्त मिळवून देऊ लागली.

मोरजीची अडचण वेगळी. इथे पाहुणे आधीच होते, आणि त्यांच्यासाठी लावलेले दिवेही. पिलं पंचेचाळीस ते साठ दिवसांनी, बहुधा रात्री वाळू गार झाल्यावर बाहेर पडतात आणि उजेडाच्या दिशेने धावतात. माणसाचे दिवे नसताना तो उजेड समुद्राच्या बाजूचा असायचा. शॅकचे दिवे लागले की पिलं उलटी, रस्त्याकडे चालू लागतात. २०११च्या किनारी नियमन अधिसूचनेत मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांचा कासवांच्या विणीच्या जागा म्हणून उल्लेख आहे आणि तिथे बांधकामांना मनाई आहे. ती मनाई दिव्यांपर्यंतही पोचायला हवी, निदान नोव्हेंबर ते मे. शापोऱ्याची वाळूही हवी. तिळारीच्या खोऱ्यातून दोडामार्ग, डिचोलीतलं साळ, मग पेडण्याची हद्द असा प्रवास करून नदी ती आणते, आणि वाटेतच ती रात्री चोरून उपसली जाते. त्या चोरीवरही कुणीतरी राखणीला बसायला हवं.

पाहायला जाणाऱ्याने आधी वनखात्याच्या तळावर विचारावं. मोबाइल खिशात, टॉर्च लाल काचेचा, तोही राखणदार सांगेल तेव्हाच. मादी वर येत असताना आणि खणत असताना तिच्या मागे, लांब, खाली बसून राहावं. अंडी पडायला लागली की ती सहसा थांबत नाही, आणि तेव्हा राखणदार हाताने खूण करून जवळ बोलावतो.