क्लब कुणाचा होता?

धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या की आमच्या गावचा फुटबॉल क्लब जागा व्हायचा. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. ही गोष्ट त्याआधीची, आम्ही भंडारा जिल्ह्यात होतो तेव्हाची. क्लब म्हणजे एक चेंडू, एक पंप आणि पंधरा-वीस पोरं. ब्लॅडर फुटला की सायकलच्या दुकानातून ठिगळ लावून आणायचा. वर्गणी गुरुजी गोळा करायचे. त्यांची बदली झाली आणि दोन हंगामांत क्लब संपला.

खेड्यातले क्लब असेच संपायचे, अशी मी समजूत घालून घेतली होती. पण २०१० मध्ये मुंबईचा महिंद्रा युनायटेड बंद झाल्याचं वाचलं आणि गुरुजी आठवले. १९६२ साली कंपनीने उभा केलेला हा संघ. ड्युरँड चषक त्याने १९९८, २००१ आणि २००८ मध्ये जिंकला, फेडरेशन चषक २००३ आणि २००५ मध्ये. २००५-०६ मध्ये डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली तो राष्ट्रीय लीगचा विजेता ठरला. मुंबईच्या संघाला हा मान पहिल्यांदाच मिळाला होता. चारच वर्षांनी कंपनीने संघ मोडून शालेय फुटबॉलकडे वळायचं ठरवलं. हेतू चांगलाच होता. पण शाळेत तयार झालेल्या मुलाने पुढे खेळायचं कुणाकडून? मफतलाल, ऑर्के मिल्स हे मुंबईतले कंपन्यांचे संघही असेच इतिहासजमा झाले होते.

याउलट कोलकात्याचा मोहन बागान पाहा. १८८९ पासूनचा हा सभासदांचा क्लब. २०२० मध्ये त्याचा फुटबॉल संघ कंपनीच्या संघात विलीन झाला आणि नावापुढे ‘एटीके’ लागलं. पाठीराख्यांना ते रुचलं नाही. त्यांनी मागणी लावून धरली आणि २०२३ मध्ये ती अक्षरं गेली.

महिंद्राचा संघ कंपनीचा होता, आमचा गुरुजींचा. ज्याचा क्लब, त्याने हात काढला की खेळ संपतो. क्लब टिकतो तो ‘हा आमचा’ म्हणून भांडणारी माणसं असली तर.

मित्रहो, हे सांगताना एक गोष्ट लपवत नाही. जाण्यापूर्वी गुरुजींनी वर्गणीची वही माझ्यापुढे धरली होती. मी दहावीच्या अभ्यासाचं कारण सांगितलं. ती वही पुढे कुठे गेली, हे मी कधी विचारलंही नाही.