पिवळा ध्वज आणि तिरंगा

बीड जिल्ह्यातील तेलगाव असो की मराठवाड्यातले दुसरे कोणतेही गाव, 15 ऑगस्टनंतर महिन्याभराने, 17 सप्टेंबरला, शाळेवर पुन्हा तिरंगा फडकतो. “सर, दोनदा का?” असे मुले विचारतात. त्यांना उत्तर देताना सनावळीबरोबर ध्वजाच्या कापडाकडेही पाहावे, असे आम्हाला वाटते.

देश स्वतंत्र झाला तेव्हा हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथे तिरंगा लावण्यास बंदी होती. पूर्वी अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत काम केलेले स्वामी रामानंद तीर्थ यांना 15 ऑगस्ट 1947 या दिवशीच अटक झाली. एका कापडाची सरकारला एवढी धास्ती होती!

संस्थानाचा स्वतःचा ध्वज पिवळा. पिवळी भूमी आणि त्यावर गोल पांढरी चकती ही आसफजाही घराण्याची खूण. ही चकती म्हणजे कुलचा, अर्थात एक प्रकारची रोटी. पहिल्या निजामाला औरंगाबादच्या एका सूफी संताने कुलचे खाऊ घातले, त्याने सात खाल्ले आणि सात पिढ्या राज्य करशील असा आशीर्वाद मिळवला, अशी आख्यायिका आहे. सातवा निजाम शेवटचा ठरला खरा; पण असे आकडे बहुधा मागाहून जुळवलेले असतात. काही झाले तरी ती कथा राजघराण्याची होती. शेतात राबणाऱ्याला तिच्यात जागा नव्हती.

प्रकाशाच्या दृष्टीनेही ही जोडी अडचणीची आहे. उजेडात आपला डोळा सुमारे 555 नॅनोमीटर तरंगलांबीच्या, हिरवट पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो. त्यामुळे पिवळे कापड जवळजवळ पांढऱ्याइतकेच उजळ दिसते आणि पांढरी चकती लांबून त्यात विरून जाते. पांढऱ्यावर गडद निळे मात्र लांबूनही उठून दिसते.

तिरंगाही एकदम आजच्या रूपात आलेला नाही. 1921 साली गांधीजींनी मांडलेल्या ध्वजात लाल रंग हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा इतर सर्वांचा होता. ही वाटणी अनेकांना खटकली. 1931 साली काँग्रेसने लालच्या जागी केशरी आणला, पट्ट्यांचा क्रम बदलला आणि रंगांना जातीय अर्थ नाही, असे ठरवले. केशरी धैर्य व त्यागाचा झाला, पांढरा सत्य व शांतीचा. हिरव्याची छटा तीच, अर्थ मात्र बदलला. रंगाला स्वतःचा अर्थ नसतो, माणसे तो देतात, हे यापेक्षा स्पष्ट कोठे दिसेल?

22 जुलै 1947 रोजी संविधान सभेत चरख्याच्या जागी अशोकचक्र आले. पंडित नेहरूंनी दिलेले एक कारण अगदी व्यवहारातले होते: ध्वजावरचे चिन्ह दोन्ही बाजूंनी सारखे दिसले पाहिजे. चरख्याचे चाक एका टोकाला, चाती दुसऱ्या टोकाला. मागून पाहिले की सारे उलटे. चोवीस आऱ्यांच्या चक्राला ही अडचण नाही.

17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाने शरणागती जाहीर केली आणि मराठवाड्यात तिरंगा उघडपणे फडकू लागला.

वर्गात हे सहज करून पाहता येईल. पिवळ्या कागदावर पांढरी आणि पांढऱ्यावर निळी, अशा सारख्या आकाराच्या दोन चकत्या चिकटवून कागद मैदानाच्या टोकाला टांगावेत आणि मुलांना मागे मागे जायला सांगावे. कोणती चकती आधी दिसेनाशी होते, ते पावलांनी मोजावे. मग पातळ कागदावर चरखा काढून तो मागच्या बाजूने उजेडात धरावा.